मोटरहोमने ब्रिटन फिरताना या चुका टाळा

मे महिना जवळ आला की महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन स्कॉटलंडपर्यंत जायचे आहे, काही सूचना असल्यास सांगा. सूचना पुष्कळ असतात, परंतु तोपर्यंत दहा दिवसांत लंडन, कॉर्नवॉल, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा आणि स्काय बेट असा कार्यक्रम पक्का झालेला असतो. लंडन ते स्काय हे अंतरच सुमारे 650 मैल आहे आणि त्यातला शेवटचा टप्पा डोंगराळ आहे, हे कोणी विचारात घेत नाही. येथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात, म्हणजे गाडी चालवणे सोपेच असणार, असा समज असतो आणि पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ त्यात असते.

पहिली चूक म्हणजे फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर राहणे. तो नकाशा तुम्हाला साधी मोटार समजतो आणि तसाच मार्ग सुचवतो. मोटरहोमची उंची बहुधा 2.8 ते 3.2 मीटर असते, तर अनेक वाहनतळांच्या प्रवेशावरचा आडवा दांडा सुमारे 2.1 मीटरवर असतो. भाड्याच्या कागदपत्रांत उंची मीटरमध्ये लिहिलेली असते, तर जुन्या पुलांवर ठळकपणे फूट आणि इंच दिसतात. समोर पूल आल्यावर मनात गणित करू लागणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मी गाडी ताब्यात घेताच उंची, लांबी आणि बाजूच्या आरशांसह रुंदी दोन्ही मापांत एका कागदावर लिहून चालकासमोर चिकटवते. 2.9 मीटर म्हणजे साडेनऊ फुटांहून किंचित अधिक, म्हणून 9 फूट 7 इंच असे लिहावे. आकडा कमी करून कधीही लिहू नये.

उंचीचे निदान फलक तरी असतात. रुंदी आणि वळणे यांबाबत मात्र चालकालाच शहाणपण लागते आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा ‘बेलॅख ना बा’ हा घाट. पायथ्याशीच मोठा फलक आहे: रस्ता 2053 फुटांपर्यंत चढतो, चढ पाचास एक इतका तीव्र आहे, वळणे अत्यंत अवघड आहेत आणि शिकाऊ चालक, फार मोठी वाहने व कॅराव्हॅन (मोटारीमागे ओढायचे फिरते घर) यांनी पुढे जाऊ नये. पुण्याहून आलेले आमचे एक स्नेही सात मीटर लांबीचे मोटरहोम घेऊन या फलकापाशी थांबले होते आणि आम्ही आमच्या लहान व्हॅनमधून त्यांच्या मागे होतो. शील्डेग गावावरून किनाऱ्याकडेने ॲपलक्रॉसला जाणारा दुसरा रस्ता आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी फोन पाहिला, तो रस्ता बराच लांबचा दिसला आणि “वहिनी, वरंधा घाट मी पावसाळ्यात चढवला आहे,” असे म्हणून ते निघाले. वरच्या वळणांवर समोरून मोटारींची रांग उतरत होती आणि बाजू देण्यासाठी केलेल्या जागेत कोणीतरी छायाचित्रे काढण्यासाठी गाडी उभी करून ठेवली होती. आमच्या स्नेह्यांना चढावरच गाडी मागे घ्यावी लागली. क्लच जळल्याचा वास आमच्यापर्यंत आला, आणि मग पुन्हा पुढे जाऊन वळताना मागच्या चाकांच्या पलीकडे आलेला गाडीचा भाग बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन कठड्याला घासत गेला. चालक पुढचे चाक पाहत होता, नुकसान मागे झाले, आणि दुरुस्तीचा खर्च अनामत रकमेतून कापला गेला. वाचवायला निघालेला वेळ वरच्या वाहनतळावर पत्रा पाहण्यात गेला तो वेगळाच.

दोन्ही दिशांची वाहतूक असलेल्या, पण एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यांवर बाजू देण्याच्या जागेला येथे ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. ती डावीकडे असेल तर आत जावे, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबावे, समोरच्याला वळसा घेऊन जाऊ द्यावे. चढून येणाऱ्या वाहनाला शक्य असेल तेव्हा आधी वाट द्यावी आणि मागे स्थानिकांच्या गाड्या साचल्या असतील तर त्यांनाही पुढे सोडावे. तेथे चहा करण्यासाठी किंवा रात्री झोपण्यासाठी गाडी उभी करणाऱ्यांविषयी मी येथे सभ्य भाषेत लिहू शकत नाही.

स्कॉटलंडमध्ये कोठेही मुक्काम करता येतो, हा गैरसमजही तितकाच चिवट आहे. 2003 च्या स्कॉटिश कायद्याने दिलेला मुक्त संचाराचा हक्क मोटार वाहनांना लागू नाही. लॉख लोमंड या सरोवराच्या परिसरातील काही भागांत मार्च ते सप्टेंबर या काळात तंबूसाठीसुद्धा परवाना लागतो. कॅम्पसाइट आधी राखून ठेवावी, विशेषतः शाळांच्या सुट्ट्यांत.

कॅम्पसाइटवर पोहोचल्यावर विजेची तक्रार ठरलेलीच असते. वीज येतच नसेल, तर बहुतेक वेळा गाडीला वीज देणाऱ्या खांबातील निळा प्लग घातलेला असतो, पण तो अडकेपर्यंत फिरवलेला नसतो. वीज येऊन गेली असेल, तर गाडीत काय चालू होते ते पाहावे. जोडणी अनेक ठिकाणी 16 अँपिअरची असते, काही ठिकाणी 10 चीच. 230 व्होल्टला 10 अँपिअर म्हणजे फक्त 2300 वॉट. घरगुती किटली एकटीच 3000 वॉटपर्यंत घेते आणि आमची मंडळी त्याच वेळी विजेचा हीटरही लावतात. अशा वेळी खांबाचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहू नये. आतील सर्व उपकरणे काढावीत, मग वीज सुरू करावी आणि एकेक उपकरण जोडत जावे. काहीही जोडलेले नसताना वीज जात असेल, तर बहुधा केबलच्या सांध्यात ओल शिरलेली असते. मी केबल आधी गाडीला आणि नंतर खांबाला जोडते, निघताना उलट क्रमाने काढते, आणि ड्रमवरची केबल थोडीच लागणार असली तरी पूर्ण उलगडते, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळू शकते. हे करायला पाच मिनिटे लागतात आणि नवख्यांना नेमकी तीच पाच मिनिटे जड वाटतात.

बाकीचे थोडक्यात. थंडीत सिलिंडर प्रोपेनचा घ्यावा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो आणि शेगडी विझते. फोडणी देताना छतावरील झरोका उघडावा, मात्र धुराची सूचना देणारे यंत्र काढून ठेवू नये. गॅसवर चालणारा फ्रीज थंड होत नसेल, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी गाडी समतल उभी आहे का ते पाहावे. पावसानंतर गवतावरची जागा मिळाली, तर पक्की जागा मागून घ्यावी. शौचालयाची टाकी फक्त त्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच रिकामी करावी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या होली आयलंड या बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो, म्हणून जाण्याच्या सुरक्षित वेळा रस्त्याच्या सुरुवातीच्या फलकावरच वाचून घ्याव्यात आणि त्यांत ‘अजून पाणी दिसत नाही’ अशी स्वतःची भर घालू नये. लंडनजवळ डार्टफर्ड येथे टेम्स नदी ओलांडल्यास शुल्क घेणारा नाका दिसणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वी ते ऑनलाइन भरावे लागते, अन्यथा दंडाची नोटीस भाड्याने गाडी देणाऱ्याकडे जाते आणि तो तिच्यावर आपले शुल्कही लावू शकतो.