प्रोजेक्टसाठी ज्वालामुखीचं बेट असं बनवा (इंदूरवाल्या आई-बाबांसाठी)

शाळेत एक्झिबिशन आलं की सोडा-व्हिनेगरचे फसफसणारे डोंगर ढिगाने येतात, तो नाद सोडा आणि सरळ इंडोनेशियातलं बाली बेट बनवा. बेट पूर्व-पश्चिम साधारण १४० किमी आणि उत्तर-दक्षिण ८० च्या आसपास, म्हणजे ७० बाय ४० सेंमीचं काढलं की १ सेंमीत २ किमी बसतात, प्लाय जरा मोठा घ्या, समुद्र पण दाखवायचाय ना. आता गंमत बघा, तिथला आगुंग ज्वालामुखी तीन हजार मीटरच्या वर आहे तरी या मापाने जेमतेम दीड सेंमी भरतो! म्हणून उंची पाच-सहा पट वाढवा आणि लेबलवर तसं लिहा, टीचर नेमकं तेच विचारतात.

डोंगर आपल्या काळ्या मातीचा करू नका हां. माळव्याची माती वाळली की भेगा पडणारच, उन्हाळ्यात शेतात बघितलंच असेल. जुन्या पेपरचा लगदा मैद्याच्या खळीत कालवून थापा नि चांगला उन्हात वाळवा. आगुंग ईशान्येला, त्याच्या वायव्येला बातूर हा दुसरा ज्वालामुखी, बातूरच्या मोठ्या खळग्यात तलाव.

काळी माती चाळून फेविकॉलवर भुरभुरवा, पण फक्त शेतांच्या जागी. आपली मातीही लाव्हाच्या बसाल्टचीच, फक्त तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि तिकडे राख अजूनही अधूनमधून पडते. पोराला एवढं नक्की सांगा की ताजा लाव्हा म्हणजे नुसता दगड, राख पावसापाण्याने झिजून त्यातलं पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोकळं होतं तेव्हा कुठे पीक येतं.

खरी मेहनत भाताच्या पायऱ्यांवर करा. खोक्याचा पुठ्ठा कापून दक्षिणेच्या उतारावर थर लावा, प्रत्येक वरचा थर बोटभर आत, आणि निळ्या लोकरीचे पाट वरून खाली सोडा. तिथे पाणी वाटायला शेतकऱ्यांची सुबाक नावाची मंडळं असतात, पाण्याच्या देवळांशी जोडलेली, युनेस्कोने २०१२ मध्ये ती वारसायादीत घेतली. बातूरच्या बाजूला किंतामणीत कॉफी, हिरवे ठिपके पुरे. उत्तर किनारा पिवळट ठेवा, तिकडे पाऊस कमी.

"मग लोक तिथे राहतातच कशाला?" हा प्रश्न येणारच. १९६३ मध्ये आगुंग फुटला तेव्हा हजाराहून जास्त माणसं गेली, तरी उतारावर परत शेती झाली, कारण पाणी आणि माती दोन्ही तिथेच.

आणि ऑटोत नेणार असाल तर आगुंगचं टोक शाळेत पोचल्यावरच चिकटवा.