फ्रान्सला निघालात? बँकेची फाईल गावालाच तयार करा

मे महिन्यात गुहागरला घरी आले की पडवीत कोणी ना कोणी येऊन बसतंच. यंदा शेजारच्या काकू मुलाला घेऊन आल्या, त्याला फ्रान्समधल्या तुलूझला मास्टर्सची ॲडमिशन मिळालीय, आणि काकूंनी थंडीचं जेवणाचं काही विचारलं नाही, सरळ म्हणाल्या, "पैसे कुठे ठेवायचे गो त्याने?" बरोबर विचारलं. मी सहा वर्षं तिकडे राहतेय आणि मला सगळ्यात जास्त रडवलं असेल तर बँकेने. त्याला जे सांगितलं ते इथे लिहितेय, आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे जातायत.

पहिली अडचण म्हणजे घरमालक बँकेचा आरआयबी मागतो आणि बँक घराचा पुरावा मागते. आरआयबी म्हणजे खात्याची माहिती असलेला एक कागद, त्यावर एफआरने सुरू होणारा २७ अक्षरी आयबॅन, म्हणजे तिकडचा लांबलचक खाते नंबर असतो, पगार, भाडं, लाईटबिल, मोबाईल, सगळीकडे तोच लागतो. आणि घराचा पुरावा म्हणजे तिथलं लाईटबिल किंवा भाड्याची पावती, तीसुद्धा साधारण तीन महिन्यांच्या आतली. आधार कार्डावरचा गावचा पत्ता तिथे चालत नाही. हॉस्टेल असेल तर त्यांच्याकडून राहण्याचं सर्टिफिकेट घ्या. कोणाकडे उतरणार असाल तर त्या माणसाकडून तीन कागद एकत्र घ्या, हा माझ्याकडे राहतो असं सही केलेलं पत्र, त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि त्याचं लाईटबिल. यातला एक कमी पडला तरी बँक परत पाठवते, मग पुढची अपॉइंटमेंट आठवड्याने. म्हणून हे व्हॉट्सॲपवर इथूनच मागून ठेवा.

बँकेने खातं उघडायला नाही म्हटलं तर गप्प परत येऊ नका, नकाराचं पत्र लेखी मागा. तिथे राहणाऱ्या आणि तिथे एकही खातं नसलेल्या माणसाला खातं मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, भारतीय पासपोर्टवाल्यालाही. ते पत्र घेऊन बाँक द फ्रान्सकडे, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करायचा, ते एक बँक ठरवून देतात आणि त्या बँकेला खातं उघडावंच लागतं. घाई असेल तर निकेल नावाच्या कंपनीचं खातं तंबाखूच्या दुकानात, आपल्या पानटपरीचा थोडा मोठा भाऊ समजा, पासपोर्ट दाखवून उघडता येतं आणि आयबॅन फ्रेंचच मिळतो, पण त्यावर चेकबुक नाही.

आता नाव. हे नीट वाचा कारण आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना हेच नडतं. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, फ्रेंच लोकांच्या डोक्यात तशी काही पद्धतच नाही, त्यांना ते तुमचं दुसरं नाव वाटतं. मग भाडेकरारावर वडिलांचं नाव आहे, लाईटबिलावर नाही, पगाराच्या कागदावर अर्धंच आहे, असं झालं की बँकेतली बाई विचारते ही तीन वेगळी माणसं आहेत का. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवायच्या आधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासावं लागतं, नाव जुळलं नाही की स्क्रीनवर इशारा येतो आणि पाठवणारा थांबतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. लग्न झालेल्या बायकांनी मॅरेज सर्टिफिकेटची प्रत आणि जमलं तर फ्रेंच भाषांतर जवळ ठेवा, कारण तिथे जन्माचं आडनाव वेगळ्या रकान्यात विचारतात, आपलं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं असतं हे त्यांना कागदाशिवाय पटत नाही.

घरात पाऊल टाकलं की त्याच दिवशी खालच्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. माझ्या पहिल्या घरात पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, कार्डाचा पिन टपालाने येतो आणि पोस्टमन पेटीवर नाव बघूनच पत्र टाकतो, माझं पाकीट या नावाचं कोणी नाही म्हणून परत गेलं. तीन आठवडे कार्ड हातात आणि पिन नाही. रोज संध्याकाळी ती पेटी उघडून बघायचे आणि आत पिझ्झाची जाहिरात. वहीच्या कागदावर नाव लिहून टेप लावली असती तरी भागलं असतं.

ब्रँच बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद असते, शनिवारी उघडी, दुपारी जेवायला बंद. आपला कोन्सेये, म्हणजे आपलं खातं बघणारा माणूस, त्याला अपॉइंटमेंटशिवाय भेटता येत नाही. त्याचा ईमेल घेऊन ठेवा.

चेक तिथे अजून चालतो, घराच्या डिपॉझिटला हमखास मागतात. आपल्याकडे चेक तीन महिने चालतो, तिथे एक वर्ष आणि आठ दिवस, म्हणजे दिलेला चेक विसरून चालत नाही. रक्कम अक्षरात फ्रेंचमध्ये लिहायची आणि आकडा वेगळा पडला तर अक्षरातली रक्कम धरतात. त्यांचा हाताने लिहिलेला १ आपल्याला इंग्रजी ७ सारखा दिसतो आणि ७ च्या पोटात आडवी रेघ असते, तो १ त्यांच्यासारखा काढत बसू नका पण ७ ला रेघ द्याच. चेक भरताना मागे सही आणि आपला खाते नंबर. आणि पुढची तारीख घालून चेक देऊन ठेवायची आपली सवय तिथे सोडा, तारीख पुढची असली तरी समोरचा आजच वटवू शकतो, खात्यात पैसे नसले तर चेक परत, आणि तो मिटवला नाही तर पाच वर्षांपर्यंत चेक लिहायला बंदी.

कार्डाला ३० दिवसांची मर्यादा असते, तिला प्लाफाँ म्हणतात. गणपतीला यायचं तिकीट काढायच्या आधी ती वाढवून घ्या, नाहीतर पैसे असूनही कार्ड चालत नाही. खातं उणे गेलं की प्रत्येक व्यवहाराला आठ युरोपर्यंत दंड, महिन्याला जास्तीत जास्त ८०, म्हणून भाडं आणि मोबाईल आपोआप कापले जायच्या तारखा पगाराच्या नंतरच्या घ्या.

गावी येताना फ्रेंच सिमचं रोमिंग चालू आहे ना बघून निघा. आमच्या घरात रेंज नाही, बँकेच्या ओटीपीच्या कोडसाठी मी मागच्या गडग्यापाशी आंब्याखाली फोन वर धरून उभी राहते आणि कोड येईपर्यंत त्याची वेळ संपलेली असते. ॲपमधून मंजुरी द्यायची सोय तिकडेच चालू करून ठेवली की वायफायवर काम होतं. नवीन फोन घ्यायचा तर गावी घेऊन त्यात ॲप टाकू नका, काही बँका त्यासाठीचा कोड टपालाने तिकडच्या पत्त्यावर पाठवतात.

आता इकडची बाजू. मुंबईहून यायची ती मनीऑर्डर, आता युरो येतात एवढाच फरक, पण नियम पाळा. नोकरी-धंद्यासाठी तिकडे गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. भारतात आयबॅन नसतो, तिकडच्या फॉर्मवर तो रकाना अडवतो, तिथे खाते नंबर आणि स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड, लागतो. आणि तिथे टॅक्स भरायला लागलात की भारतातली सगळी खाती, अगदी शिल्लक पाचशे रुपये असली तरी, ३९१६ नंबरच्या फॉर्ममध्ये दरवर्षी दाखवायची. नाही दाखवलं तर खात्यामागे १५०० युरो दंड. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय.

परत यायचं ठरलं तर खातं घाईने बंद करू नका. घराचं डिपॉझिट घरात मोडतोड नसेल तर एका महिन्यात आणि असेल तर दोन महिन्यांत परत द्यायची मुदत मालकाला असते, ते पैसे त्याच आरआयबीवर यायचे असतात. ते जमा झाले की मग बँकेला रजिस्टर पोस्टाने पत्र टाका आणि पोचपावती जपून ठेवा.