आरव्ही घेऊन इटास्काला: मिसिसिपीच्या उगमाशी मुक्काम कसा करावा

नाशिकहून बाबा येणार म्हटल्यावर त्यांना काय दाखवायचं हे आमचं पक्कं होतं. ज्यांचा सगळा जन्म गोदाकाठी गेला, त्यांना मिसिसिपीचा उगम दाखवायचा. मिनेसोटातलं इटास्का स्टेट पार्क मिनियापोलिसपासून साधारण 220 मैलांवर आहे. भाड्याची आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही तिथे तीनदा राहून आलोय. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचून जावं.

बुकिंग 120 दिवस आधी उघडतं. म्हणजे जुलैच्या मध्यात जायचं तर मार्चच्या मध्यालाच बसावं लागतं. बेअर पॉ आणि पाइन रिज असे दोन कॅम्पग्राउंड आहेत. बेअर पॉ इटास्का तळ्याच्या काठाला आहे, तेच घ्या. याच तळ्यातून मिसिसिपी निघते. जागा निवडताना ती ‘इलेक्ट्रिक’ आहे ना आणि तुमच्या गाडीच्या लांबीला पुरते ना, एवढं बघा.

आता पाणी. जागेवर वीज मिळते, पण नळाचं किंवा सांडपाण्याचं कनेक्शन नसतं. सगळं गाडीतल्या टाक्यांवर: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, एक संडासाची. घरूनच पाण्याची टाकी काठोकाठ भरून निघू नका. एक गॅलन पाण्याचं वजन जवळजवळ 3.8 किलो, म्हणजे 40 गॅलन वाहून नेणं म्हणजे दीडशे किलोंचं ओझं. पार्कात पोचल्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळावर टाकी भरा आणि मगच जागेवर जा. भांडी घासण्याआधी तेल-मसाला कागदाने पुसून घ्या. आपल्या फोडणीचं तेल मोरीच्या टाकीत गेलं की दुसऱ्या दिवसापासून वास सुटतो. निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, हातमोजे घालून आधी संडासाची टाकी सोडा, ती पूर्ण रिकामी झाली की मग मोरीच्या पाण्याची. हा क्रम चुकवू नका, कारण त्या साबणाच्या पाण्यानेच पाइप धुऊन निघतो.

उजेड असतानाच पोचा. पार्क रॅपिड्स हे वाटेतलं शेवटचं मोठं गाव. दूध, भाजी, पेट्रोल तिथेच घ्या आणि 71 नंबरच्या रस्त्याने वर जा. जागेवर गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून फक्त वर बघायचं. पाइनच्या फांद्या खाली आलेल्या असतात आणि छतावरचा एसी त्यांना सहज अडकतो. मग गाडी समतल करा. बाबांनी पहिल्याच दिवशी सिंकशेजारी वाटीभर पाणी ठेवलं आणि वाटीच्या काठावरून बघत मला डाव्या चाकाखाली आणखी एक ठोकळा घालायला लावला. गवंडी पाणसळ लावतात तसंच. समतल झाली की गाडी सरकू नये म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, त्यानंतरच विजेची वायर जोडा.

आमची गाडी 30 अँपची होती. 120 व्होल्टला म्हणजे एकूण 3600 वॅट. एसी चालू असताना मी इंडक्शनवर खिचडी टाकली, वर मायक्रोवेव्ह लावला आणि वीज गेली. अर्धी कच्ची खिचडी शेवटी गॅसवर शिजवली. तेव्हापासून एका वेळी एकच मोठं उपकरण. फोडणी देण्याआधी छताचा पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म शेजाऱ्यांनाही उठवतो. भाकरी मात्र बाहेर निखाऱ्यावर शेका. लाकूड घरून नेऊ नका, पार्कातच विकत घ्या. सरपणातून झाडं पोखरणारे किडे जंगलात जातात, म्हणून हा नियम आहे. इथले लाल पाइन बघितलेत की तो पटतो. प्रीचर्स ग्रोव्हमधली काही झाडं अडीचशे वर्षांवरची आहेत. बाबांनी एका खोडाला कवळ घालून बघितली, हात पुरले नाहीत.

ती झाडं आपोआप राहिलेली नाहीत. 1891 मध्ये एका मताच्या फरकाने हे पार्क मंजूर झालं. 1903 मध्ये अवघ्या 24 वर्षांच्या मेरी गिब्स इथल्या प्रमुख झाल्या आणि लाकूडतोड कंपन्यांपुढे ठाम उभ्या राहिल्या. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. त्यांच्या नावाचं केंद्र उगमापाशीच आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उगमावर जायला गाडी जागची हलवू नका, सायकली न्या. सकाळी सातच्या आत पोचलात तर सोबतीला फक्त लून पक्ष्यांचा आवाज असतो, दहानंतर जत्रा भरते. दगडांवर शेवाळ धरतं, म्हणून पकड असलेल्या चपला घाला. डासांचं मलम आधीच लावा.

तळं संपतं तिथे दगडांची ओळ आहे. तिच्या फटींतून पाणी खाली उतरतं आणि तिथून नदी. गुडघाभर खोल, तळाचा खडा न् खडा दिसतो. शेजारच्या लाकडी खांबावर कोरलंय की हे पाणी 2552 मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. त्याला साधारण 90 दिवस लागतात. बाबांनी खांब वाचला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओंजळ भरून डोळ्यांना लावली आणि माझा हात धरून दगडांवरून पलीकडे गेले. मी परत फिरायला वळले, तर त्यांनी हात सोडवला. म्हणाले, “तू जा दगडांवरून. मी पाण्यातूनच येतो.”