घरी ई-लिक्विड बनवताना एकेक फ्लेवर कसा तपासावा

पाच फ्लेवर एकत्र करून ई-लिक्विडची, म्हणजे वेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) तापवून ओढायच्या द्रवाची, बाटली बनवली आणि तिला साबणासारखी चव आली, तर दोष नेमका कशाचा? आंब्याचा, क्रीमचा, की दोन्ही ठीक असून प्रमाणच चुकलं? बाटलीकडे बघून हे कळत नाही. मग अंदाजाने एक कमी, दुसरा जास्त असं सुरू होतं आणि पैसे वाया जातात. यावर एकच उपाय खात्रीचा आहे: मिश्रणाला हात लावण्याआधी प्रत्येक फ्लेवर एकटा, साध्या बेसमध्ये, म्हणजे फ्लेवर नसलेल्या द्रवात, तपासायचा आणि जे जाणवलं ते लिहून ठेवायचं. काम कंटाळवाणं वाटतं, पण घरच्या मिश्रणाची सगळी अक्कल इथेच येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सिगारेट सोडण्यासाठी वेपकडे वळलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून भारतातल्या वाचकांनी हे करू नये, आणि इथल्यांनी सुट्टीला गावी जाताना यातलं काहीही बॅगेत टाकू नये. ब्रिटनच्या एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणणं असं की वेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, पण निर्धोक नाही. जो ओढतच नाही त्याने हे सुरू करू नये. मलाही तेच मनापासून वाटतं.

स्वयंपाकघरातला इसेन्स चालत नाही

मराठी घरात केवडा, गुलाब, केशर-वेलची यांचे इसेन्स असतातच, आणि पहिला मोह त्यांचाच होतो. ते वापरू नका. खाण्यासाठी सुरक्षित ठरवलेला पदार्थ पोटात जाईल असं धरून तपासलेला असतो. तापवून फुप्फुसात ओढण्याचा त्यात विचार नसतो. शिवाय अशा बाटल्यांमध्ये साखर, रंग किंवा तेल असू शकतं. साखर कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेवर, जळते. तेल त्याहून वाईट, कारण फुप्फुसात गेलेल्या तेलामुळे न्यूमोनियासारखा आजार होतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपमुळे फुप्फुसांना इजा झालेले २,८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले ६८ दगावले. त्यामागचं मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या वेपमध्ये मिसळलेलं तेलकट व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे होतं. संत्र्याचं किंवा पुदिन्याचं शुद्ध तेलही याच कारणाने बाद.

फ्लेवर पीजीमध्ये, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला आणि वेपसाठीच विकला जाणारा हवा. अमेरिकेच्या कॅपेला आणि फ्लेवर अप्रेंटिस, इटलीची फ्लेवरआर्ट, पोलंडची इनावेरा ही नावं या छंदात नेहमी ऐकू येतात. नाव मोठं असलं तरी प्रत्येक फ्लेवरचं माहितीपत्रक वाचायचंच, विशेषतः लोणी, क्रीम, कस्टर्ड या जातीचं. त्यात डायअसिटिल, असिटाइल प्रोपिओनिल आणि असिटॉइन हे तीन शब्द शोधा. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात लोण्याचा वास देणाऱ्या याच डायअसिटिलची वाफ श्वासात जाऊन मिसुरी राज्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा न बरा होणारा आजार जडला. २००० साली ते प्रकरण उघडकीला आलं. ब्रिटनमध्ये तयार ई-लिक्विडमध्ये डायअसिटिल चालत नाही, पण तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या फ्लेवरची जबाबदारी तुमची. असिटॉइनला अनेक जण सौम्य समजून सोडून देतात. बाटली मुरताना त्यापासून थोडं थोडं डायअसिटिल तयार होऊ शकतं, म्हणून मी तिन्ही टाळावेत या मताचा आहे. दालचिनीही माझ्या यादीत नाही: तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या पेशींचं काम मंदावतं, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

सामान

शुद्धतेचा यूएसपी किंवा ईपी (अमेरिकेचा किंवा युरोपचा औषधी) दर्जा लिहिलेलं पीजी आणि व्हीजी, म्हणजे वनस्पतिजन्य ग्लिसरीन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, ज्यावर दागिने तोलतात तसा. मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणाच्या १० मिलीच्या बाटल्या, चिकटपट्टी, न पुसणारं पेन, वही. ओढण्यासाठी ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब टाकून वापरायचा उघडा ॲटमायझर (वेपचा वाफ करणारा भाग), आणि भरपूर कापूस.

टँकमध्ये, म्हणजे वेपच्या द्रव साठवणाऱ्या बंद टाकीत, फ्लेवर तपासणं मला पटत नाही. टँक भरायला जास्त द्रव लागतो आणि आधीच्या फ्लेवरचा वास कॉइलच्या कापसात बसून राहतो. लिंबू, कोला यांसारखे फ्लेवर काही प्लास्टिकच्या टँकना चक्क तडे पाडतात. ड्रिपरमध्ये पाच-सहा थेंबांत काम होतं आणि कापूस दोन मिनिटांत बदलता येतो.

निकोटिन या टप्प्यावर नको. एका बैठकीत चार नमुने ओढले तर नकळत बरंच निकोटिन जातं, डोकं गरगरतं आणि चवीकडे लक्ष राहत नाही. निकोटिनचा घशाला बसणारा ठसका फ्लेवरच्या बारीक छटाही झाकून टाकतो.

नमुना बनवणं

१. रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.

२. आधी फ्लेवर टाका. सगळ्यात कमी लागणारी वस्तू आधी टाकली की चूक झाल्यास फारसं काही वाया जात नाही. ३ टक्क्यांच्या १० ग्रॅम नमुन्यासाठी ०.३० ग्रॅम फ्लेवर.

३. मग पीजी २.७० ग्रॅम आणि शेवटी व्हीजी ७.०० ग्रॅम. फ्लेवर स्वतः पीजीमध्येच असतो, म्हणून तो पीजीच्या वाट्यातून वजा करायचा.

४. झाकण लावून बाटली मिनिटभर जोरात हलवा. व्हीजी जड आणि चिकट असतं, खाली दोरीसारखं दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत हलवत राहा.

५. चिठ्ठीवर कंपनी, फ्लेवर, टक्केवारी आणि तारीख लिहा. ‘उद्या लिहू’ म्हणून ठेवलेल्या बाटल्या आठवड्याने एकसारख्याच दिसतात.

वजनाने ७०/३०, म्हणजे ७० भाग व्हीजी आणि ३० भाग पीजी, केलेलं मिश्रण आकारमानाने साधारण ६६/३४ होतं, कारण एक मिली व्हीजी १.२६ ग्रॅम भरतं आणि पीजी १.०४ च्या आसपास. १० ग्रॅम द्रव म्हणूनच साडेआठ मिलीच्या जवळ येतो आणि १० मिलीच्या बाटलीत हलवायला जागा उरते. तपासणीसाठी ७०/३० घ्या किंवा ५०/५०, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. बेस बदलला की तुलना संपली.

टक्केवारी किती? फ्लेवरआर्ट आणि इनावेराचे बरेचसे फ्लेवर तीव्र असतात. त्यांना १ टक्क्यापासून सुरुवात करा. कॅपेला आणि फ्लेवर अप्रेंटिसला ३ टक्के बरे. शक्य असेल तर प्रत्येक फ्लेवरचे दोन नमुने करा, एक कमी आणि एक त्याच्या दुप्पट. काही फ्लेवर वाढवले की चव वाढत नाही, उलट अत्तरासारखा भपका येतो किंवा सगळंच दबतं. ही कमाल मर्यादा कळणं फार मोलाचं आहे, आणि ती एकट्या नमुन्यातूनच कळते.

कूलिंग (थंडावा देणारी) द्रव्यं, बडीशेप, काही फुलांचे वास इतके जोरकस असतात की १ टक्काही जास्त होतो. अर्धा टक्का म्हणजे १० ग्रॅममध्ये ०.०५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन थेंब. एक थेंब इकडेतिकडे झाला की हिशेब कोसळला. अशा वेळी १ ग्रॅम फ्लेवर ९ ग्रॅम पीजीत मिसळून पातळ करून ठेवा. मग त्यातलं ०.५० ग्रॅम घेतलं की बरोबर अर्धा टक्का होतो.

ओढून बघणं

पहिला झुरका फ्लेवर नसलेल्या, कोऱ्या बेसचा घ्या. व्हीजीची हलकी गोडी आणि पीजीची घशातली खरखर ओळखीची झाली की ती फ्लेवरच्या माथी मारली जात नाही. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग स्ट्रॉबेरीला ‘घशाला लागते’ असा शेरा देऊन बसतात.

सकाळची वेळ चांगली, चहा-कॉफीच्या आधी. झणझणीत जेवणानंतर किंवा पानसुपारीनंतर जीभ विश्वासाची नसते. सिगारेट नुकतीच सुटली असेल तर काही आठवडे थांबा, कारण चव आणि वास हळूहळू परत येतात आणि आजची नोंद पुढच्या महिन्यात पटत नाही.

नवा कापूस घालून चांगला भिजवा. कोरड्या कापसावर बटण दाबलं तर कापूस जळतो, आणि जास्त तापलेल्या पीजी-व्हीजीतून फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. करपट चव आली की लगेच थांबायचं. वॅट कमी ठेवा आणि सगळ्या नमुन्यांना तेच ठेवा. दोन-तीन छोटे झुरके पुरतात. वाफ नाकातून हळू सोडा, कारण फळाची ओळख बहुतांशी नाकच पटवतं. मग पाणी, थोडी विश्रांती, नवा कापूस, पुढचा नमुना. एका बैठकीत तीन-चार पुरे. त्यानंतर नाक थकतं आणि सगळं सारखंच लागतं. मेंथॉल, कूलिंग, बडीशेप नेहमी शेवटी, कारण त्यांचा वास कापूस बदलला तरी धातूला धरून राहतो.

वहीत ‘छान’ किंवा ‘बेकार’ लिहू नका, त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. सुरुवातीला काय आलं, मध्ये काय, सोडल्यावर तोंडात काय उरलं, गोडी किती, घशाला टोचतं का, कच्चं की पिकलं, वाफ भरीव की पोकळ, हे लिहा. शब्द आपल्या जिभेवरचे वापरा: खवट, तुरट, उग्र, कोंदट, करपट, पिठूळ.

आंब्याचं उदाहरण घेऊ, कारण मराठी माणूस पहिली बाटली आंब्याचीच मागवतो. फ्लेवर अप्रेंटिसचा फिलिपाइन मँगो उघडला की अनेकांना गोड गरापेक्षा सालीजवळचा चीक आणि थोडासा टर्पेंटाइनसारखा वास जाणवतो. फ्लेवर बिघडलेला नसतो. खऱ्या आंब्यातही टर्पीन वर्गातली द्रव्यं भरपूर असतात, आणि फिलिपाइन्सचा काराबाव आंबा हापूसपेक्षा निराळाच. हे १ आणि ३ टक्क्यांना एकट्याने ओढून पाहिलं की ठरवता येतं: चिकाची छटा आपल्याला हवी आहे का, कमी प्रमाणात ती ‘खरा आंबा’ वाटते का, आणि गोडी-गर दुसऱ्या फ्लेवरकडून आणावा लागेल का. हेच जर आधी क्रीम आणि व्हॅनिला घालून बघितलं असतं, तर तो टर्पेंटाइनचा वास क्रीमच्या माथी गेला असता.

माणसामाणसातही फरक असतो. फ्लेवर अप्रेंटिसच्या व्हॅनिला बीन आइसक्रीममध्ये काहींना स्पष्ट मिरी लागते, काहींना अजिबात नाही. डायअसिटिल काढून बनवलेल्या क्रीममध्ये ब्युटिरिक ॲसिड असलं तर काहींना जुन्या तुपाचा खवटपणा येतो. दुसऱ्याच्या नोंदी जरूर वाचा, पण आपली नोंद झाल्यावर. आधी वाचलं की मिरी नसली तरी लागायला लागते.

मुरल्यानंतर पुन्हा

एकाच दिवसाच्या चवीवर फ्लेवर बाद करू नका. फळं दोन-तीन दिवसांत स्थिरावतात. क्रीम, कस्टर्ड, तंबाखू यांना दोन ते चार आठवडे लागतात. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. यामागे रसायन आहे: व्हॅनिलामधलं व्हॅनिलिन, चेरी-बदामातलं बेंझाल्डिहाइड ही द्रव्यं पीजीशी संयोग पावून नवी संयुगं बनवतात, त्यामुळे चवीची धार बदलते. म्हणून बनवल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अशा तीन नोंदी ठेवा. स्ट्रॉबेरीसारखे काही फ्लेवर उलट फिके पडत जातात. तेही नोंदीतच दिसतं. बाटली गरम पाण्यात ठेवून मुरण्याची घाई मी करणार नाही, कारण उडून जाणारे नाजूक वास आधी जातात.

आठ-दहा फ्लेवरची पानं भरली की मिश्रणाकडे वळा, आणि तेही दोनच फ्लेवरचं. एकट्याने ३ टक्क्यांना नीट लागलेला आंबा क्रीमसोबत दबतो का, ते बघा. तिसरा फ्लेवर आणायचा तो काहीतरी कमी आहे हे वहीत लिहिता आल्यावरच. तयार गोडवा, म्हणजे सुक्रालोज, सगळ्यात शेवटी आणि जमल्यास नाहीच. तो कॉइलवर काळा थर चढवतो.

मिश्रण पक्कं झालं की मगच निकोटिन. ब्रिटनमध्ये ते १० मिलीच्या बाटलीत, जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली या तीव्रतेचं मिळतं. १८ मिलिग्रॅमची अशी एक बाटली ५० मिली मिश्रणात घातली की ६० मिलीला ३ मिलिग्रॅमची तीव्रता येते. निकोटिनच्या बाटलीत फ्लेवर नसेल तर मिश्रणातलं फ्लेवरचं प्रमाण तेवढं पातळ होणार हे आधीच धरून ठेवा. हातमोजे घाला, सांडलं तर लगेच साबणाने धुवा आणि बाटली कुलपात ठेवा. लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी विषबाधा होते. तसं झालं तर वाट न बघता ९९९ लावायचा.