४ कोटी अंकांची मूळ संख्या कागद-पेन घेऊन कशी तपासायची

२ चा १३६२७९८४१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, झाली आपली संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँटने जिम्प्स प्रोजेक्टमधून (स्वयंसेवक आपापल्या कॉम्प्युटरवर अशा मोठ्या मूळ संख्या शोधतात तो प्रकल्प) ही शोधली. पूर्ण लिहून काढायच्या भानगडीत पडू नका, न लिहिताच तिच्याबद्दल बरंच काही काढता येतं.

आधी शेवटचा अंक. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात, म्हणून घातांकाला ४ ने भागून बाकी बघायची आणि त्यासाठी शेवटचे दोनच अंक पुरतात. ४१ भागिले ४, बाकी १, म्हणजे घाताच्या शेवटी २ आणि आपल्या संख्येच्या शेवटी १.

मग एकूण अंक किती? घातांकाला २ च्या लॉगने (१० पायाच्या) गुणायचं, पण शाळेतलं ०.३०१०३ इथे अजिबात वापरू नका!! नवव्या दशांश स्थळावरचा फरक पण एवढ्या घातांकाने गुणला की अर्ध्याच्या वर जातो आणि उत्तर एकाने चुकतं. ०.३०१०२९९९५६६ घ्या, ४१०२४३१९.९४ येईल, पूर्णांक घेऊन १ मिळवा, ४१०२४३२० अंक.

आता खरी मजा, ती मूळ आहे हे कसं ठरवायचं. घातांक मूळ असला म्हणून काम होत नाही, ११ मूळ आहे पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९ आहे. यासाठी, म्हणजे २ चा घात वजा १ अशा संख्यांसाठी, लुकास-लेमर टेस्ट आहे, ती आधी १२७ वर करून बघा, म्हणजे घातांक ७. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, परत तेच. ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा २ कमी, म्हणजे ५ पायऱ्यांनंतर शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. माझ्या मते गणितात इतकी सोपी आणि इतकी ताकदवान टेस्ट क्वचितच असेल, ड्युरँटच्या संख्येची पक्की खात्री पण हिनेच केली, फक्त पायऱ्या १३६२७९८३९.

आणि भागाकार तर करावाच लागत नाही. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, ते बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) ११००००१०, उजवीकडचे ७ बिट, म्हणजे ७ अंक, तोडले की ६६, डावीकडे उरला १, बेरीज ६७, हीच बाकी! कॉम्प्युटरला हे फार स्वस्तात पडतं, खरा वेळ जातो तो वर्ग करण्यात.

एक लक्षात ठेवा, शून्य नाही आलं तर संख्या मूळ नाही एवढंच कळतं, विभाजक कळत नाहीत. २ चा ६७ वा घात वजा १ मूळ नाही हे टेस्टच्या नावातल्या गणितज्ञ लुकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हे अवयव गणितज्ञ फ्रँक कोलने मांडले ते थेट १९०३ मध्ये.