चावीची कोंबडी: झीज कोणती, इजा कोणती

चावीचं जुनं खेळणं हातात आलं की आधी चावी फिरवून बघावीशी वाटते. पहिल्या दिवशी ती फिरवायची नाही. आतली कमान (स्प्रिंग) पूर्ण भरलेली आणि अडकलेली असू शकते, तेलाचं डिंकासारखं घट्ट किटण झालेलं असू शकतं, एखादा दाता झिजून निसटायच्या बेतात असू शकतो. सत्तर वर्षं शांत पडलेलं यंत्र एका वळशात कायमचं मोडू शकतं.

जुनी खेळणी दुरुस्त करून जपण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्यांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "रंग कोणता वापरायचा?" त्याचं उत्तर पुढे दिलं आहे, पण बरंच खाली. कामातही रंगाची पाळी तितकीच उशिरा येते. ते एका कोंबडीच्या आधारे सांगते.

ही दाणे टिपणारी पत्र्याची कोंबडी गिरगावातल्या एका आजींची. त्यांचे वडील बोटीवर होते. आजी चार-पाच वर्षांच्या असताना त्यांनी ती आणली. पाय गंजलेले, शेपटीच्या टोकाला चेमटलेली, पाठीवरचा तपकिरी रंग एका जागी पार उडालेला, आणि चावी जागची हलत नव्हती. आजी म्हणाल्या, "अगदी दुकानातून आणल्यासारखी रंगवून दे गं. नातीला द्यायचीय."

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी भिंगाखाली पोट पाहिलं. शेपटीखाली बारीक अक्षरांत 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, तो ताबा २८ एप्रिल १९५२ला संपला. हा शिक्का १९४७पासून त्या ताब्याच्या काळात निर्यात झालेल्या मालावर दिसतो. म्हणजे आजींची आठवण आणि पत्र्यावरचा शिक्का यांचा मेळ बसला. युद्धानंतर तिथे पत्र्याची इतकी टंचाई होती की १९४५ साली ओत्सू शहरात मात्सुझो कोसुगे यांनी अमेरिकन फौजेने फेकलेल्या डब्यांच्या पत्र्यातून खेळण्यातल्या जीप बनवल्या. त्या काळातल्या काही खेळण्यांच्या आतल्या बाजूला अजूनही डब्यावरची छपाई सापडते. म्हणून मी आरसा घालून कोंबडीच्या पोटातही पाहिलं. तिथे कोरा पत्रा होता. पण पाहायची सवय ठेवा. आतून रंग खरवडून 'स्वच्छ' केलेल्या खेळण्याची अशी खूण कायमची जाते.

आता मुख्य गोष्ट. हा रंग ब्रशने दिलेला नाही, तो छापलेला आहे. आधी सपाट पत्र्यावर छपाई, मग ठशाखाली दाबून आकार, मग कडेच्या जिभा खाचेत घालून दुमडणं, असा क्रम असे. तेव्हा चित्र छपाईच्या दगडावर काढत, पण दगडावरून थेट पत्र्यावर नीट छापता येत नसे, म्हणून चित्र आधी एका रुळावर घ्यायचं आणि रुळावरून पत्र्यावर उतरवायचं, अशी युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५मध्ये तिचं पेटंट घेतलं. हीच ऑफसेट छपाई. ऑफसेट म्हटलं की आपल्याला वर्तमानपत्र आठवतं, पण कागदाच्या आधी ती पद्धत पत्र्यावर आली. आपल्या कामात याचा अर्थ एवढाच की आकार दिलेल्या पत्र्यावर ती छपाई पुन्हा करता येत नाही. पिसांच्या बारीक रेघा एकदा गेल्या की गेल्या. वरून कितीही सुबक रंगवलं तरी ते आपण काढलेलं चित्र असतं.

हे मी नुकसान करून शिकले. शिकत असताना पुण्याच्या जुन्या बाजारातून एक निळी पत्र्याची मोटार घेतली होती. काळपटपणा काढायला कापसाला थिनर लावून दारावर फिरवला. तिसऱ्या फेरीत कापूस निळा झाला आणि दार पांढरं. ते दार मी रंगवलं नाही. नव्या मुलांना दाखवायला ती मोटार तशीच ठेवली आहे.

म्हणून साफसफाईची चाचणी नेहमी न दिसणाऱ्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या भागावर करायची. आधी कोरडा मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेला कापूस, मग थुंकी. हो, थुंकीच. संग्रहालयांतले लोकही ती वापरतात, कारण तिच्यातली विकरं (एन्झाइम्स) चिकट मळ सोडवतात. फक्त एकदा खेळण्याला लागलेला कापूस पुन्हा तोंडाकडे न्यायचा नाही, दर वेळी नवा घ्यायचा, आणि नंतर ती जागा पाण्याच्या कापसाने पुसून घ्यायची. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६च्या नियमांनी आली, त्याआधीच्या कुठल्याही रंगाबद्दल खात्री धरू नका. कोरडा पॉलिश पेपर या टेबलावर वर्ज्य. हातमोजे, मास्क, काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, आणि त्या खोलीत चहा नाही.

सगळ्या बाजूंचे फोटो काढून आणि दोष कागदावर लिहून झाले की मग यंत्र. कोंबडीचे दोन अर्धे भाग सहा जिभांनी जोडलेले होते. पत्र्याची जीभ एकदा दुमडलेली असते. आपण ती उघडतो आणि पुन्हा दुमडतो, तेवढ्यातच कित्येकदा मुळाशी तडा जातो. इथे एका जिभेला आधीच तडा होता. मी कोंबडी उघडली नाही. पायांच्या फटीतून बारीक टॉर्च टाकला तेव्हा दिसलं की पायाच्या दांड्याभोवती लाल धागा गुंडाळला गेलाय. गोधडीचा असावा. त्याने यंत्र अडवलं होतं आणि कमान तशीच भरलेली राहिली होती.

इथे घाई केली असती तर धागा निघताच कमान एका झटक्यात सुटली असती. अशा वेळी एका हाताने चावी घट्ट धरायची, दुसऱ्या हातातल्या चिमट्याने धागा थोडा थोडा ओढायचा, आणि यंत्र मोकळं होताना त्याला बोटाने अडवत हळूहळू उतरू द्यायचं. माझं हे पाऊण तास चाललं. चावी उलटी फिरू न देणारी खिटी हाताशी असलेल्या खेळण्यात काम थोडं सोपं असतं. चावी धरून खिटी उचलायची आणि चावी बोटांमधून जरा जरा सुटू द्यायची. कमान उतरल्याशिवाय कुठलंही यंत्र उघडू नका. पोलादाची ती पट्टी बोट कापते. चावी नुसतीच गरगर फिरत असेल, काही विरोधच लागत नसेल, तर कमान तुटली आहे किंवा तिचं टोक आकड्यातून सुटलं आहे. मग मात्र उघडण्याला पर्याय नाही.

जुनं किटण काढायला व्हाइट स्पिरिट (मिनरल टर्पेंटाइन) घेतलं, छपाईवर आधी चाचणी करून. सिरिंजने फटीतून थोडंसं सोडायचं, निथळू द्यायचं, पुन्हा सोडायचं. चौथ्या वेळेला खाली ठेवलेला टिपकागद कोरा दिसू लागला. दोन दिवस वाळू दिलं. मग घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त जिथे दांडा पत्र्याच्या भोकात फिरतो तिथे. दात्यांवर तेल घालायचं नाही, तिथे ते धूळ धरतं. बिजागऱ्यांना मारतात तो फवारा तर अजिबात नको. तो आत पसरतो, बाहेर झिरपतो आणि पुढे रंग धरू देत नाही.

मग गंज. पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा पातळ मुलामा. तो जिथे खरचटतो तिथे लोखंड उघडं पडतं, आणि मुंबईच्या जुलैत काय होतं ते सांगायला नको. सैल गंज भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने आणि जिथे अगदीच गरज होती तिथे स्काल्पेलने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीने, काढला. उरलेल्यावर बारीक ब्रशने टॅनिक ॲसिडचं पाच टक्क्यांचं द्रावण, फक्त गंजावर. तो भाग निळसर काळा झाला. हिरडा आणि हिराकस मिसळून आपल्याकडे काळी शाई करत, तिच्यातली रासायनिक क्रिया हीच: टॅनिन आणि लोह. म्हणून कुणी हिरड्याचा काढा लावू पाहील, तर नको. त्यात इतर बरंच काही असतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं टॅनिक ॲसिड घ्या, ते महाग नसतं.

एवढं झाल्यावर मी आजींना बोलावलं. पाठीवरचा उडालेला डाग त्यांना दाखवायचा होता. तो गंजलेला नव्हता, गुळगुळीत होता, कडा अस्पष्ट, मध्यभागी कथल चमकत होतं. मी म्हटलं, "आजी, चावी देताना कोंबडी धरायच्या कशी?" त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि अंगठा बरोब्बर तिथे टेकला.

माझ्या कामात मी दोन शब्द वेगळे ठेवते, झीज आणि इजा. इजा वाढत जाते: गंज, सुटलेले पोपडे, तडा. ती थांबवलीच पाहिजे. झीज वापरातून येते आणि वापर थांबला की थांबते. पायांचं आणि शेपटीचं मी दुरुस्त करणार होते. अंगठ्याची जागा मात्र तशीच ठेवावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते मी आजींना स्पष्ट सांगितलं. निर्णय त्यांचा होता. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "राहू दे."

आता रंग. उघड्या पत्र्यावर आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ थर. ती ॲसिटोनमध्ये विरघळवतात, आणि ॲसिटोन छपाईही विरघळवतं. म्हणून थर छपाईच्या कडेपासून केसभर अलीकडे थांबवायचा. त्या थरावर गुआश, म्हणजे पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग. कारण साधं आहे: उद्या माझ्यापेक्षा चांगला हात कुणाचा आला, तर त्याला ओल्या कापसाने माझं काम पुसता यावं. इनॅमल चढवलं तर ते काढताना मूळही जातं. रंग फक्त उडालेल्या जागेत भरायचा, आजूबाजूच्या छपाईवर एक ठिपकाही नाही. गुआशच्या फिकट छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा फिकट, त्यामुळे प्रत्येक मिश्रण आधी पत्र्याच्या तुकड्यावर वाळवून बघावं. जुळवणी उत्तरेच्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला तुऱ्याचा लाल मला सकाळी विटकरी दिसला आणि पुन्हा करावा लागला.

आणखी एक बारकावा, जो मला उशिरा कळला. कोंबडीच्या मानेवरचा सोनेरी रंग सोनेरी नव्हताच. चकचकीत कथलावर पारदर्शक पिवळी शाई छापली होती. तिथे अपारदर्शक पिवळा भरला की ठिगळ दिसतं. मी तिथे अगदी पातळ, पाण्यासारखे पाच हात दिले आणि खालची चमक राहू दिली. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हलका हात.

पूर्ण रंगवणं कधीच योग्य नाही असं मी म्हणणार नाही. एकदा छपाईचा मागमूस नसलेला, नुसता गंजका सांगाडा उरलेला एक ट्रक आला होता. तो मी प्रायमर आणि एअरब्रशने पातळ इनॅमल देऊन पूर्ण रंगवला, पण तळाचा एक चौकोन मूळ अवस्थेत सोडला आणि आतल्या बाजूला 'पुन्हा रंगवलेले' असं सालासकट लिहिलं. मालकालाही तेच लेखी दिलं. संग्राहकांच्या लेखी पुन्हा रंगवलेल्या वस्तूची किंमत बहुधा पडते. ते लपवून विकणं ही फसवणूक आहे.

शिकायचं कुठे? खेळण्यांचा वेगळा अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही. जतनशास्त्र शिका आणि धातू व रंगथर यांवर हात बसवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे. लखनऊला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला १९७६पासून आहे. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले, त्याचा उपयोग रोज होतो. चित्रकलेतून आलेल्यांचा रंगाचा डोळा माझ्यापेक्षा तयार असतो, त्यांनी रसायनाची भीती सोडावी. केवळ खेळण्यांवर माझं पोट भरत नाही. दिवे, पेट्या, देव्हाऱ्यातल्या मूर्ती अशी कामं जास्त येतात. पहिली दोन-तीन वर्षं कमाई बेताचीच असते, घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेवा. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. ते दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीत उभारलं. रोजच्या वापराच्या वस्तूंवरची झीज तिथे तासन् तास पाहता येते.

आणि सराव घरीच करा. बिस्किटांचा छापील डबा हा आपल्या कोंबडीचाच भाऊबंद, छापलेला पत्रा. तो मुद्दाम खरचटवा, ओल्या जागी ठेवून गंजवा, मग बरा करा. कडेला जिभा कापून त्या किती वेळा दुमडल्यावर तुटतात ते मोजा. दहा डबे झाल्याशिवाय कुणाची आठवण हातात घेऊ नका.

कोंबडी देताना आजींना तीन गोष्टी सांगितल्या. चावी अर्ध्यापेक्षा जास्त द्यायची नाही, भरलेल्या कमानीसकट कपाटात ठेवायची नाही, आणि पावसाळ्यात घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. त्यांनी माझ्यासमोरच चार वळसे दिले, मी मोजत होते. कोंबडी खडखडत टेबलाच्या कडेपर्यंत टिपत गेली, आणि ती पडायच्या आत आजींचा हात आडवा झाला होता.