शेकेरे करताय? मंडईतला दुधी आधी खाली ठेवा

नायजेरिया-बेनिनमधल्या योरुबा लोकांचं शेकेरे हे तालवाद्य म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा आणि त्यावर बाहेरून मण्यांची सैल जाळी. दिसतं सोपं, म्हणूनच लोक घाई करतात.

पहिली फजिती भोपळ्यातच होते. मंडईतून दुधी आणून गच्चीत ठेवतात. जात तीच, पण भाजीचा दुधी कोवळा तोडलेला. त्याचं कवच लाकडासारखं कधीच होत नाही. आधी सुरकुततो, मग मऊ पडून पाणी सोडतो. ओव्हननेही काही साधत नाही. वेल सुकेपर्यंत वेलावर राहिलेला कडू भोपळा घ्या, देठ ठेवून. सावलीत, जाळीवर, अधूनमधून फिरवत वाळवा. मोठ्या फळाला 3 ते 6 महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत. वर बुरशी चढेल; वाळल्यावर भिजवून तारेच्या घासणीने काढा. बोट रुतलं तर फळ फेका. हलकं झालं, बिया खुळखुळल्या, की कापा. त्याआधी वॉर्निश लावलं तर ओल आतच कोंडते.

गर खरवडताना मास्क हवाच. ती धूळ घशाला लागते. तोंड आधी लहान कापा आणि तळावर थाप मारत वाढवा. फार लहान राहिलं तर खर्ज कोंडतो, मोठं केलं की स्वर चढतो. कापलेलं परत जोडता येत नाही.

आता जाळी. गळ्यापासून पोटापर्यंत गाठींमधलं अंतर एकसारखं ठेवायचं, हा नवशिक्यांचा हट्ट. पोटाचा घेर वाढतो, अंतर मात्र तेवढंच. मग जाळी पोटावर ताणून बसते. शेकडो मणी ओवून शेवटची गाठ मारल्यावर कळतं, की मणी आपटतच नाहीत. उपाय म्हणजे उसवणं, दुसरा नाही. खाली येताना अंतर वाढवत जा, दर दोन ओळींनी जाळी गोल फिरवून पाहा. फिरली नाही तर तिथेच थांबा. उलट फार सैल झाली तर मणी तालाच्या मागून येतात. दोरी वेणीची नायलॉन, दुमडण्याआधी भोपळ्याच्या उंचीच्या किमान चौपट.

फायबरग्लासचं शेकेरे पडलं तरी सहसा टिकतं, मंचावर खणखणीत ऐकू येतं. खर्जाची ऊब मात्र भोपळ्यातच. कबासा, म्हणजे खरबरीत पोलादी नळकांड्यावर गुंडाळलेल्या धातूच्या मण्यांच्या माळा, हा शेकेरेचा पर्याय म्हणून घेऊ नका. तिला तळाची थापच नाही.

बारीक तडा गेला तर लाकडाचा गोंद आणि भोपळ्याचाच भुसा भरा. उन्हात उभ्या गाडीत मात्र भोपळा ठेवू नका.